लिफ्टने उतरणाऱ्या राजांची बखर

श्रीगजवदन प्रसन्न असो आणि युवराज आणखी घटकाभर निजोत, म्हणजे हे वर्तमान एका बैठकीत लिहून होईल. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी बेताची, ते समयी डोंगरांच्या उगवतीस एका नगरात, एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर एक राज्य होते. राज्याचा विस्तार दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दुपटी वाळत घालावयाची एक बाल्कनी. गादीवर श्रीमंत निनादराव राज्य करीत होते, शेजारी राणीसाहेब केतकीबाई, आणि दोघांचे वर युवराज ओजसराव, वय महिने दहा, दात दोन, नुकतेच रांगावयास लागलेले, आणि खरा अंमल त्यांचाच चाले. मातोश्री सुलभाबाई गावाहून येऊन राहिल्या होत्या, परंतु त्यांचे गुडघे जाम, सबब त्या खुर्चीवरून आज्ञा करीत आणि युवराज त्या आज्ञा मानीत नसत.

राणीसाहेब बाळंतपणापूर्वी एका औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यावर होत्या. गोळीवर केसाएवढा ओरखडा असला तरी त्यांचे नजरेतून सुटत नसे, ऐसा त्यांचा लौकिक. पुढे रजा सरली, वाढवून घेतली तीही सरली, आणि कारखान्याहून निरोप आला की येत्या मासातील दुसऱ्या सोमवारी रुजू व्हावे, न झाल्यास जागा दुसऱ्यास देणे भाग आहे. पाळणाघरात विचारले तो तेथे त्याच्याही पुढील महिन्याखेरीज पाळणा रिकामा नाही. मग राजा आणि राणी यांची मसलत बसली आणि ऐसे ठरले की राजांनी साठविलेली रजा काढावी, पहिला पंधरवडा दोघांनीही घरी राहावे, त्या काळात युवराजांनी राजांचे हातून वाटी-चमच्याने दूध पिण्याची सवय करावी, आणि मग सोमवारी राणीसाहेबांनी निर्धास्तपणे कारखान्यास जावे. राजांनी वचन दिले. राणीसाहेबांनी ऐकले, आणि वचन देताना राजे मोबाईलमध्ये पाहत होते हेही पाहिले.

आता राजांचे मन डोंगराकडे का वळले, हे न्यायाने लिहिले पाहिजे. युवराज जन्मास आले त्या दिवसापासून राजांस राज्यात काम उरले नव्हते. ते युवराजांस उचलू गेले की राणीसाहेब म्हणत, "मान धर, मान. असा नाही रे." ते दुपटे गुंडाळू गेले की मातोश्री म्हणत, "निनू, दे इकडे, तुला नाही जमायचं." ते दूध गार करू गेले की दोघी मिळून म्हणत, "बोट घालून बघू नकोस." येणेकरून राजे आपल्याच राज्यात पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेवर बसत, आणि बसता बसता कमरेचा घेर वाढला. ऐशा समयी त्यांचा कॉलेजातील मित्र, सरदार पराग गुंजाळ, भेटीस आला. हा सरदार अंगाने दोरीसारखा, बोलण्यात तुसडा, आणि दर आठवड्यास कोठलातरी कडा चढून त्याची छायाचित्रे सर्वांस पाठवीत असे. तो राजांचे पोट पाहून म्हणाला, "काय निन्या, कितवा महिना?" आणि मग राजे लालबुंद झाले, आणि गुंजाळाने सांगितले की घोणसगड, तिवईगड आणि कोळीणगड हे तीन गड लोक मुक्काम करून दोन दिवसांत करतात, परंतु आपण ते पाठीवर हलके ओझे घेऊन, निम्मे धावत, एका दिवसात करणार, आणि येत्या शनिवारापुढचा शनिवार नेमिला आहे. राजे म्हणाले, "मीपण येतो." तो शनिवार म्हणजे राणीसाहेबांच्या सोमवारास लागूनचा शनिवार, हे राजांचे ध्यानी आले नाही. राणीसाहेबांचे आले. त्या युवराजांचे नाक पुसत होत्या, त्या पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "पंधरवडा ओजससाठी होता ना?" राजे म्हणाले, "अगं, सकाळचे दोन तास फक्त. बाकी दिवस त्याचाच."

तेव्हा मोहिमेची तयारी सुरू जाहली. प्रथम खरेदी. हलके बूट आले, डोंगरात टेकत चालावयाचे दोन भाले आले, ते घडी घालून पिशवीत बसत, कपाळास बांधावयाचा दिवा आला, आणि मनगटास एक घड्याळ आले, ते केवळ वेळ सांगून थांबत नसे, तर राजे किती चालले, किती दमले, किती निजले याचा जाब विचारीत असे, आणि राजे त्यास जितके भीत तितके कारखान्याचे साहेबास कोणी भीत नसेल. मग सकाळी टेकडी, टेकडीवरून आल्यावर अंडी, अंड्यांनंतर स्नान, स्नानानंतर विश्रांती. राणीसाहेब म्हणाल्या, "दूध तापवलंय, भरवतोस का त्याला?" तो राजे डोळे मिटून म्हणाले, "आत्ता रिकव्हरी चाललीये." ही रिकव्हरी दुपारच्या चहापर्यंत चालत असे, आणि या काळात घरात मिक्सर लावण्यास मनाई होती. ज्या बाईने दहा महिन्यांत सलग चार तास झोप पाहिली नव्हती तिने हा शब्द ऐकून मिक्सर लावला.

चहानंतर जिना. राजांनी पिशवीत दहा किलो गहू भरिले, पाठीस बांधिले, आणि इमारतीचा जिना तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत चढू लागले, घाम निथळे, श्वास भात्यासारखा चाले, आणि शेजारी दारे उघडून कौतुक करीत. वर पोहोचले की राजे लिफ्टचे बटण दाबीत आणि लिफ्टने खाली जात, आणि पुन्हा चढीत. एके दिवशी राणीसाहेब युवराजांस कडेवर घेऊन, खांद्यास भाजीची पिशवी, लिफ्टपाशी उभ्या होत्या, ती लिफ्ट राजांनी वर बोलाविली होती, सबब राणीसाहेब जिन्याने चढल्या. राजे लिफ्टने उतरून पुन्हा चढत आले आणि तिसऱ्या मजल्यावर गाठ पडली. राणीसाहेब म्हणाल्या, "गव्हाऐवजी ह्यालाच घे ना पाठीवर. वजन तेच आहे." राजे म्हणाले, "हा हलतो गं. गहू हलत नाहीत." राणीसाहेब म्हणाल्या, "बरं. आणि उतरताना लिफ्ट का?" राजे हसून म्हणाले, "उतरण्यात काय आहे? उतरतं कोणीही. दम लागतो तो चढताना. घड्याळपण उतरण्याचे गुण देत नाही." राणीसाहेबांनी त्यांच्या मांड्यांकडे एकवार पाहिले, ज्या नजरेने त्या गोळीवरचा ओरखडा पाहत त्या नजरेने, आणि पुढे चढल्या. युवराज हलत होते.

पंधरवडा सरत आला आणि युवराज राजांचे हातचे दूध पिईनात. चमचा तोंडाशी नेला की तोंड मिटीत, मान फिरवीत, आणि राणीसाहेबांचा पदर दिसला की आकांत मांडीत. राजांनी दोन वेळा प्रयत्न केला आणि म्हणाले, "तू समोर असतेस म्हणून पीत नाही." राणीसाहेब आत गेल्या, दार लावून उभ्या राहिल्या, आणि दाराबाहेर आकांत ऐकीत स्वतःचे नख चावीत राहिल्या, आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या तो दूध राजांच्या नव्या बुटांवर आणि राजे बूट पुशीत. मग शुक्रवार आला. राजांनी वाटेतील शिदोरी बांधावयास दिवाणखान्यात सतरंजी अंथरली, काजू, बेदाणे, भाजके शेंगदाणे, खारका यांचे ढीग केले आणि पुड्या बांधू लागले. युवराज दिवाणाशी रांगत होते. राणीसाहेब स्वयंपाकघरातून वरणाचा डाव हातात घेऊन आल्या, आणि दारातूनच त्यांस दिसले की युवराजांची डावी मूठ मिटलेली आहे आणि तोंडाकडे चालली आहे. डाव कोठे पडला ते त्यांस नंतरही आठवले नाही. मूठ उघडली तो आत एक शेंगदाणा. राजे म्हणाले, "अगं, एक पडला असेल." राणीसाहेब खाली बसल्या होत्या, आवाज चढला नाही. म्हणाल्या, "निनाद, एकच पुरतो. श्वासनळीत अडकला तर एकच पुरतो. सोमवारी मी इथे नसेन." राजे म्हणाले, "मी असेन ना." राणीसाहेब म्हणाल्या, "आत्ता कुठे होतास?" राजे तेथेच, हातभर अंतरावर होते. मग राणीसाहेबांनी केरसुणी फिरविली, दाणे वेचिले, आणि ठरविले की सोमवारी जावयाचे नाही, साहेबास तसे कळवावे. परंतु कळविण्यास हात धजेना, कारण ती जागा त्यांनी बहुत कष्टाने मिळविली होती. सबब कळविणे रविवारावर टाकिले.

शनिवारी पहाटे मोहीम निघाली. निघतेवेळी मातोश्रींनी डबा दिला. डब्यात डिंकाचे लाडू, त्यांत मेथी, अळीव, खारीक आणि तूप हात राखून नव्हे. राणीसाहेब पाहून म्हणाल्या, "आई, हे माझ्या बाळंतपणात केले होते तेच ना?" मातोश्री म्हणाल्या, "तेच गं. तुझी कंबर कशी धरली, तशी ह्याची धरेल. तो काय कमी कष्ट करतोय?" राणीसाहेबांनी डब्याचे झाकण लाविले. युवराजांनी निरोपास राजांच्या कानाची पाळी ओढिली. मग राजे आणि गुंजाळ जीपने घोणसगडाचे पायथ्याशी पोहोचले आणि धावत सुटले, आणि खरे लिहावयाचे तर राजे घोणसगड ऐसे चढले की गुंजाळ मागे राहिला, आणि माथ्यावर वारा, खाली धुके, आणि कोणी "असा नाही रे" म्हणावयास नाही, तेव्हा राजांस कित्येक महिन्यांत प्रथमच आपण काही जमणारे मनुष्य आहोत ऐसे वाटले, आणि डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी घाम म्हणोन पुसिले. उतरताना मांड्या किंचित थरथरल्या, तिकडे लक्ष दिले नाही. मग तिवईगड चढले, माथ्यावर बसून मातोश्रींचे लाडू काढिले, गुंजाळ म्हणाला, "तुपकट आहे रे, एकच खा," परंतु राजांनी चार खाल्ले, वर टाक्याचे गार पाणी प्यायले, आणि उठले तो पोटात मेथी आणि डिंक यांनी बंड केले, आणि झुडुपाआड दोन वेळा जाणे जाहले.

आणि मग तिवईगडाची उतरण लागली. ही उतरण उभी, मुरमाची, गुडघ्याएवढ्या पायऱ्यांची. पहिल्या वळणावर मांड्यांत गोळे आले, दुसऱ्या वळणावर गुडघे ऐकेनात, तिसऱ्या वळणावर राजे पाय पुढे टाकू गेले तो पाय पाण्यासारखा जाहला आणि राजे बसले. ज्या मांड्यांस उतरण्याचे काम पंधरा दिवसांत एकदाही सांगितले नव्हते, त्यांनी ते काम करण्याचे साफ नाकारिले. गुंजाळ काही काळ थांबला, मनगटाकडे पाहिले, आणि म्हणाला, "निन्या, तू ये हळूहळू. माझं घड्याळ चालू आहे रे." आणि गेला. तेव्हा राजांनी दोन्ही भाले पिशवीत घातले आणि दोन्ही हात मागे टेकून, बसल्या बसल्या, एकेक पायरी उतरू लागले, ज्या चालीने युवराज पलंगावरून उतरावयास शिकत होते हुबेहूब त्याच चालीने. वाटेत मोळी घेऊन एक म्हातारी वर येत होती, ती थांबून म्हणाली, "पाव्हणं, नवस हाय का काय?" राजे म्हणाले, "नाही मावशी, पाय गेले." ती म्हणाली, "मग असंच चला. लेकरं असंच शिकत्यात," आणि आपल्या वाटेने गेली.

इकडे राज्यात राणीसाहेब मोबाईलवर राजांचा ठिपका पाहत होत्या. डोंगरात फोन लागत नसला तरी राजांचे घड्याळ हा ठिपका उपग्रहावाटे पाठवीत असे. ठिपका पळाला, ठिपका चढला, आणि मग ठिपका तिवईगडाचे कड्याशी थांबला. राणीसाहेबांनी फोन लाविला, लागेना. गुंजाळास लाविला, तोही लागेना. एक डोळा ठिपक्यावर, एक डोळा युवराजांवर, ऐशी दुपार गेली, आणि त्यांनी मनात राजांस प्रथम दरीत पाहिले, मग इस्पितळात, मग पांढऱ्या चादरीखाली, आणि त्याही स्थितीत स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा चाकू आत सरकविला. मातोश्री म्हणाल्या, "तुझ्या बोलण्यानं नजर लागली." राणीसाहेब म्हणाल्या, "नजर असती तर बरं झालं असतं, आई. त्याच्याकडे नाही ना ती." इतक्यात ठिपका हलला, अंगठ्याएवढा, मग पुन्हा अंगठ्याएवढा. राणीसाहेबांनी तो हलण्याचा वेग ओळखिला. हा वेग त्या रोज दिवाणखान्यात पाहत होत्या. मग त्या प्रथमच हसल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि युवराजही सोबतीस रडले.

राजे सांजावता घरी आले. जीपवाल्याने आणि वॉचमनने खांद्यास धरून लिफ्टने वर आणिले. मातोश्रींनी मीठमोहरी उतरविली. राजांस दिवाणावर बसवावे तर गुडघा वाकेना, सबब दिवाणखान्यातच भुईवर गादी घालून आडवे केले, आणि तेथून ते उठेनात. रविवारी सकाळी शेवंताबाई, जी युवराजांस तेल लावावयास येत असे, तिने युवराजांचे आटोपून राजांच्या मांड्यांस हात लाविला, आणि राजे ऐसे ओरडले की खालच्या मजल्यावरून कोणी वर पाहावयास आले. शेवंताबाई म्हणाली, "दादा, लेकरू बी येवढं वरडत न्हाई. आणि त्याला तर मी उलटं धरते." दुपारी राणीसाहेबांनी साहेबास कळवावयास मोबाईल हाती घेतला. राजे भुईवरून पाहत होते. म्हणाले, "काय लिहितेस?" राणीसाहेब म्हणाल्या, "उद्या येत नाही म्हणून." राजे म्हणाले, "नको लिहू." राणीसाहेब म्हणाल्या, "तुला उठता येत नाही निनाद. आईंना वाकता येत नाही. आणि ह्याला थांबता येत नाही. कोणाच्या भरवशावर जाऊ?" राजांनी उठू पाहिले, कोपरावर आले, आणि पुन्हा पडले. मग म्हणाले, "उठता येत नाही हे खरं. पण कुठे जाताही येत नाही." राणीसाहेबांनी लिहिलेले पुसले नाही आणि पाठविलेही नाही.

सोमवारी राणीसाहेब साडी नेसल्या, डबा भरिला, सूचना सांगितल्या, पुन्हा सांगितल्या, दूध वाटीत काढून राजांच्या उशाशी ठेविले, दिवाणखान्याचे दार लावून घेतले म्हणजे युवराज स्वयंपाकघरात जाणार नाहीत, लिफ्टपाशी गेल्या, परत आल्या, गॅसचे बटण पाहिले, पुन्हा गेल्या, आणि लिफ्ट आली तरी क्षणभर चढल्या नाहीत, आणि मग चढल्या. मागे युवराजांनी आकांत मांडिला. राजे भुईवर निजलेले, चमचा पुढे केला, युवराजांनी तो उडविला. राजांस उठून येरझारा घालता येईना, खिडकीतील कावळा दाखविता येईना, सबब ते पडून राहिले आणि त्यांचे पोटही तेथेच राहिले. युवराजांनी रडता रडता त्या पोटाकडे पाहिले. मग एक हात ठेविला, मग गुडघा, आणि त्या गडावर चढाई केली, माथ्यावर बसले, आणि दमले, आणि दमल्यावर तहान लागली. राजांनी चमचा वर नेला. युवराज प्याले. खुर्चीवरून मातोश्री "डोकं जरा वर धर" म्हणणार होत्या, त्यांनी जीभ आवरिली. मग युवराज गडावरून पाय मागे करून उतरले, मातोश्रींनी टाळी वाजविली, आणि युवराज दिवाणाकडे निघाले.

आणि तेव्हा राजांचा गाल भुईस टेकलेला असल्याने त्यांस दिवाणाखालचा प्रदेश दिसला, जो उभ्या मनुष्यास कधी दिसत नाही आणि केरसुणीसही पुरता दिसत नाही. मागील पायाच्या आड, धुळीत, एक भाजका शेंगदाणा. राजांनी युवराजांची चाल पाहिली, शेंगदाणा पाहिला, आणि मधले अंतर पाहिले. ते ओरडले नाहीत, कारण ओरडल्यास युवराज हसून अधिक वेगाने रांगतात हे त्यांस इतक्यात कळले होते. त्यांनी कोपर टेकिले, निकामी मांड्या मागे ओढीत, दात खात, पोटावर सरपटत निघाले, आणि या स्वारीत कोणतेही घड्याळ नव्हते, कारण ते शनिवारीच काढून ठेविले होते. युवराजांचा हात दिवाणाखाली गेला आणि राजांचा हातही गेला. राजांचा आधी पोहोचला.

दुपारी कारखान्यातून फोन आला. राणीसाहेब हळू आवाजात म्हणाल्या, "प्याला का?" राजे म्हणाले, "प्याला." मग म्हणाले, "केतकी, दिवाणाखाली अजून एक होता." मग राणीसाहेब म्हणाल्या, "एकच?" राजे म्हणाले, "बघतोय." त्या दिवशी राणीसाहेबांनी दहा महिन्यांत प्रथमच चहा गरम असताना संपविला. संध्याकाळी त्यांनी दार उघडिले तो राजे पालथे, कमरेपर्यंत दिवाणाखाली शिरलेले, कपाळास मोहिमेचा दिवा लाविलेला, युवराज पाठीवर स्वार होऊन केस ओढीत, आणि आतून आवाज आला, "थांब, अजून एक बेदाणा आहे, कोपऱ्यात. ह्याला धर जरा, हा हलतो." राणीसाहेबांनी पर्स ठेविली, हात धुतले, आणि युवराजांस उचलले नाही. म्हणाल्या, "हलू दे."

एवंच, गड तीन नेमिले, चढले दोन, धड उतरला एक. सरदार गुंजाळास मोहिमेचे पदक मिळाले आणि ते त्याने सर्वांस पाठविले. राजे पुढे महिनाभर घरी राहिले, आणि चौथ्या दिवशी उठल्यावर जिना रोज उतरू लागले, युवराजांस पाठीवर घेऊन. इमारतीतील बायका राणीसाहेबांस म्हणतात, "नशीबवान हो तू, नवरा मुलाला सांभाळतो." दहा महिने राजांस कोणी नशीबवान म्हटले नव्हते, याचीही नोंद येथे असावी. ज्याने हे वाचिले त्याने उठण्याआधी आपल्या दिवाणाखाली एकवार पाहावे. युवराज जागे जाहले, सबब लेखणी येथेच ठेविली.